शेजारची सीट

लग्न ठरलं तेव्हा मावशीने मला कोपऱ्यात घेऊन सांगितलं होतं, "मुलगा सोन्यासारखा आहे गं, फक्त बोलतो फार. कान किटतील तुझे." मावशी आज असती तर तिला आणून ह्यांच्यासमोर बसवलं असतं आणि म्हटलं असतं, हा घे तुझा बोलका जावई, आता बोलतं कर बघू याला!

खोटं कशाला बोलू, एके काळी हा माणूस खरंच बोलायचा. ताटातलं जेवण निवून जायचं पण ह्यांची गोष्ट संपायची नाही. त्यात थोरले भाऊजी, म्हणजे ह्यांचे मोठे भाऊ, आले की बघायलाच नको. दोघं एकाच वेळी बोलायचे, एकाच वेळी हसायचे, आणि एकमेकांचं ऐकूही यायचं त्यांना, कसं ते देव जाणे. भाऊजींनी लग्न केलं नव्हतं. "घरात एकाने तरी शहाणं राहावं," असं माझ्याच तोंडावर म्हणायचे आणि वर माझ्याच हातचं खाऊन जायचे. मला राग असा कधी आला नाही त्यांचा. माणूस मोकळा होता.

भाऊजी गेले त्याला आठ वर्षं झाली. आजार लांबला नाही. शेवटच्या दुपारी हॉस्पिटलच्या खोलीत दोघं भाऊच होते आणि मी बाहेर बाकावर. दार लावलेलं होतं. आतून बोलण्याचा आवाज येत होता, शब्द काही कळत नव्हते. बराच वेळ दोघं बोलत होते. मग आवाज थांबला, हे बाहेर आले, माझ्याकडे बघून "गेला" म्हणाले आणि भिंतीला टेकून उभे राहिले.

त्या दिवशी ह्यांच्या तोंडाला जे कुलूप लागलं ते लागलंच. पंधरवड्याने मी हळूच विचारलं, "काय म्हणाले हो भाऊजी शेवटी?" तर म्हणे, "काही नाही." महिन्याने विचारलं तर म्हणाले, "सोड ना." वर्षाने विचारलं तर ताट अर्धं टाकून उठले. तेव्हापासून मी विचारणं सोडलं, पण डोक्यातून गेलं का ते? मुळीच नाही. दागिना नको होता मला, मोठं घर नको होतं. त्या खोलीत काय झालं ते ह्यांनी मला सांगावं, एवढं एकच हवं होतं. उगीच चोंबडेपणा म्हणून नव्हे. त्या खोलीत जो गेला तो माझा नवरा होता आणि बाहेर आला तो दुसराच कुणीतरी. मग मला कळायला नको?

आमचे हे लिफ्ट दुरुस्त करतात. आता यातली गंमत ऐका. खालच्या मजल्यावर एक नर्स राहते. एकदा ती कुठल्याशा इमारतीत लिफ्टमध्ये अडकली, आणि नेमके हेच आले सोडवायला. घरी येऊन ती मला म्हणते, "काकू, काय गोड बोलतात हो काका! दार उघडेपर्यंत नुसते बोलत होते माझ्याशी. घाबरू नका, मी इथेच आहे, आता असा असा आवाज येईल, तो माझ्या पान्याचा आहे, मग जरा हिसका बसेल. मध्येच माझ्या कुत्र्याची चौकशी केली. मला तर वाटलं बाहेर माझे वडीलच उभे आहेत."

मी तिच्या तोंडाकडे बघतच राहिले. मला म्हणावंसं वाटलं, बाई गं, दार उघडल्यावर काय बोलले? पण विचारलं नाही, कारण तिनेच पुढे सांगितलं. दार उघडल्यावर मान हलवली, पिशवी उचलली आणि गेले म्हणे. संध्याकाळी मी ह्यांना म्हटलं, "मी पण जाऊन अडकू का एखाद्या लिफ्टमध्ये? म्हणजे माझ्याशी दोन शब्द तरी बोलाल." हसले. म्हणजे एका बाजूने ओठ हलला, त्याला आमच्याकडे हल्ली हसणं म्हणतात.

तर गाडी. ती भाऊजींची. दोघं भाऊ कुठल्याशा जुन्या गाड्यांच्या आवारातून ती घेऊन आले होते, आमची लेक शाळेत होती तेव्हा. जुनी जपानी स्पोर्ट्स कार. दोन दारं, पोट जमिनीला टेकेल इतकी बुटकी, आणि दिवे बॉनेटच्या आत लपलेले. बटण दाबलं की पापण्या उघडाव्यात तसे ते वर येतात. भाऊजींच्या हयातीत एकच वर यायचा, दुसरा अडकायचा. रस्त्याने जाताना प्रत्येकाला डोळा मारत जायची ती. "हिची आता दुरुस्ती काढायची," असं दोघं दर रविवारी म्हणायचे आणि गप्पा मारत बसायचे. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात.

भाऊजी गेल्यावर ती ताडपत्रीखाली आमच्या दारात आली, आणि आमच्या खिडकीखालच्या गॅरेजमध्ये शिरली. तेव्हापासून हे कामावरून येतात, कपडे बदलतात आणि खाली जातात. आधी गंज. चाकांवरचा पत्रा इतका सडला होता की बोट टेकवलं तर आरपार जायचं. तो कापला, नवा पत्रा ठोकून वळवला, जोड दिला, खाचाखड्ड्यांत लांबी भरली, पॉलिश पेपरने घासला. घासून घासून हात फिरवायचे, डोळे मिटून. कुठे उंचवटा लागला की पुन्हा घासायचं. माझ्या पाठीवरून कधी इतका हात फिरवला नाही या गृहस्थाने! मग इंजिन साखळीने वर ओढून बाहेर काढलं, खोललं, आमच्या जुन्या चादरीवर त्याचे भाग मांडले. टर्बो बसवला, नवे स्प्रिंग, नवे ब्रेक. अडकणाऱ्या दिव्याची मोटर लिफ्टच्या दाराच्या कुठल्याशा भागाने चालू केली. मग रंग. गाडी मुळात लाल आहे हे मला तेव्हा कळलं.

इथे थांबले असते तर बरं होतं. पण हौसेला मोल नाही म्हणतात तसं हौसेला ब्रेकही नसतो. दुरुस्ती संपली आणि सुधारणा सुरू झाली. ह्यांच्या डोक्यात वजनाचं भूत शिरलं. गाडी हलकी पाहिजे. का? ना शर्यतीत जायचं, ना कुणाशी पैज. मी विचारलं तर म्हणाले, "हलकी झाली की तिला बरं वाटतं." घ्या! बायकोचं वजन वाढलं की घटलं याचा पत्ता नाही, आणि गाडीला कसं वाटतं ते समजतं.

मग एकेक गोष्ट गाडीतून निघायला लागली. गालिचा निघाला, मागची सीट निघाली. रेडिओ गेला, दारांची आतली कव्हरं गेली. दार उघडायला नुसती एक दोरी. जे निघेल ते आमच्या बाथरूममधल्या वजनकाट्यावर चढायचं. तळाला डांबरासारखे काळे तक्ते चिकटवलेले असतात म्हणे, इंजिनाचा आणि रस्त्याचा आवाज आत येऊ नये म्हणून. ते काही केल्या निघेनात. तेव्हा ह्यांनी कोरडा बर्फ आणला, धूर सोडणारा, आणि तळावर पसरला. तक्ते थंडीने कडक झाले आणि हातोडीच्या एकेका टोल्याला काचेसारखे तडकले. मी खिडकीतून बघत होते. गुडघ्यांवर बसून धुरात टोले घालत होते, आणि चेहऱ्यावर काय समाधान! सायलेन्सरसुद्धा काढून सरळ नळकांडं लावलं. त्यानंतर गाडी सुरू झाली की आमच्या कपाटातल्या बश्या किणकिणायच्या.

आणि शेवटी शेजारची सीट निघाली. ती मात्र वजन करून टाकून दिली नाही. एके दिवशी मी कामाला बसायला गेले तर — मी घरीच कपडे दुरुस्त करते, लांबी कमी कर, कंबर सैल कर, चेन बदल — माझ्या मशीनपुढचं स्टूल गायब, आणि तिथे ही सीट. खाली लोखंडी चौकट जोडलेली, मशीनच्या उंचीला बरोबर. "तुझी कंबर दुखते ना," एवढंच म्हणाले आणि खाली गेले. बाजूचा खटका ओढला की पाठ मागे जायची. शिवण उसवली होती ती मी घातली, चांगली दुहेरी. आता अशा माणसावर चिडायचं तरी कसं, सांगा ना. मन भरून आलं माझं. पुढची काही वर्षं मी त्याच सीटवर बसून शिवत होते, खिडकीतून खाली बघत होते, आणि माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही की आता खाली गाडीत एकच सीट उरलीय.

ते डोक्यात आलं एका संध्याकाळी. लेकीचा फोन आला होता, ती दूर राहते. "बाबांना दे," म्हणाली. दिला. हे म्हणाले, "बरी आहेस ना? बरं, बरं." आणि फोन माझ्या हातात परत. लेक म्हणाली, "आई, बाबा कुणाशी तरी बोलतात का गं?" मी म्हटलं, "गाडीशी बोलत असतील." म्हटलं आपलं चेष्टेने. पण फोन ठेवल्यावर चहा घेऊन खाली गेले तर गॅरेजचं शटर अर्धं खाली, आणि आतून ह्यांचा आवाज. अगदी पूर्वीसारखा, घाईघाईचा, मध्येच हसणारा. "दादा, बघ, आता झडप बरोबर बसली. तू म्हणत होतास घासू नको, पण मी घासलीच. ऐकतोय कोण तुझं!"

माझ्या हातातला कप गार झाला. मी तशीच वर आले. खरं सांगते, रडले. मेलेल्या भावाशी बोलायला शब्द आहेत आणि जिवंत बायको एक मजला वर बसलीय, तिच्यासाठी "बरं, बरं". राग भाऊजींचा नव्हता, ह्यांचाही नव्हता. मला एकदम खूप एकटं वाटलं, बस्स. मग डोळे पुसले आणि ठरवलं. बोलणं त्या गाडीत आहे ना? मग मी त्या गाडीत बसणार.

जेवताना म्हटलं, "मला गाडीतून फिरवून आणा."

हे म्हणाले, "कोणत्या?"

"किती आहेत आपल्याकडे?"

"अगं, पण सीट नाहीये."

"सीट माझ्याखाली आहे," मी म्हटलं.

त्यांनी खाली बघितलं. मी त्या सीटवर बसूनच जेवत होते. आमचं घर लहान आहे, मशीनचं टेबल तेच जेवायचं टेबल. आणि काय सांगू, ह्यांचा चेहरा असा पडला, की मी काही बोलायच्या आत मला कळलं: या माणसाच्या हे कधी लक्षातच आलं नव्हतं. एकेक खिळा मोजणाऱ्या माणसाने सगळी गाडी हलकी केली, आणि शेजारी कुणी बसू शकतं हा विचारच त्याच्या मनाला शिवला नाही. जाणूनबुजून केलं असतं तर मी भांडले तरी असते.

"वजन वाढेल," ते पुटपुटले.

"सीटचं की माझं?"

"तसं नाही गं."

"वाढू दे. गाडीला जरा वाईट वाटू दे."

रविवारी सकाळी ह्यांनी चौकट सोडवली, सीट खांद्यावर घेऊन खाली गेले. जुन्या रुळांवर ती बसेना, कारण रूळच काढून टाकले होते. ते शोधून, गंज काढून, पुन्हा जोडले. दुपार झाली. मी चांगले कपडे घातले, केस बांधले, ओठांना थोडा रंगसुद्धा लावला. हसायचं असेल तर हसा. खाली गेले तर हे दारापाशी उभे, हात पुसत. त्यांनी माझ्यासाठी पट्टा लावला, दोनदा ओढून बघितला. लिफ्टची केबल तपासतात तसा.

गाडी सुरू झाली आणि माझे दात वाजायला लागले. बंद डब्यात दगड घालून कुणीतरी तो गदागदा हलवावा, आणि आपण त्या डब्यात. पण रस्त्याला लागलो तशी मला मजा यायला लागली. जमीन इतकी जवळ, सगळं इतकं भराभर. ह्यांच्याकडे बघितलं तर तोंडावर तेज आलेलं. गल्ल्या मागे पडल्या, गोदामं मागे पडली, मोठा रस्ता आला. आणि तिथे, मोठ्या रस्त्याला लागल्यावर, ह्यांनी तोंड उघडलं.

आधी वाटलं शिंक येतेय. मग बघितलं तर ओठ हलताहेत. बोलत होते! समोर बघून, एका दमात, थांबेनात. मी कान पुढे केला. नुसती घरघर. मी ओरडले, "काय?" माझं मलाच ऐकू आलं नाही, त्यांना काय येणार. ते बोलतच राहिले. आवाज अडवायला जे जे होतं ते सगळं याच माणसाने हातोडीने फोडून फेकलं होतं, आणि आता आठ वर्षांचं बोलणं त्या घरघरीत वाहून चाललं होतं, माझ्यापासून वीतभर अंतरावर. मी ओठ वाचायचा प्रयत्न केला. "दादा" हा शब्द ओळखला, दोन-तीनदा. बाकी काही नाही.

एका जागी वेग कमी केला. रस्त्याकडेला निळं फाटक होतं, बंद. त्याच्याकडे बोट दाखवलं, काहीतरी सांगितलं, आणि माझ्याकडे वळून बघितलं. डोळे भरलेले होते ह्यांचे. आठ वर्षांत ह्यांचे डोळे भरलेले मी पाहिले नव्हते, भाऊजींना निरोप देतानासुद्धा नाही. त्या क्षणी मी काय करायला हवं होतं? थांबवा, मला ऐकू आलं नाही, असं खुणेने सांगायला हवं होतं? मला नाही जमलं. मी सगळं ऐकू आल्यासारखी मान हलवली. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, मग गिअर बदलायचा होता म्हणून काढला, आणि पुढे बोलू लागले.

परत येऊन इंजिन बंद केलं तेव्हा कानात नुसतं सुंsss वाजत होतं. हे स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसून राहिले. मग अगदी हळू म्हणाले, आणि हे मात्र मला लख्ख ऐकू आलं: "सांगितलं एकदाचं. आता तुला सगळं ठाऊक आहे. परत विचारू नकोस हं, परत नाही सांगता यायचं मला."

"नाही विचारणार," मी म्हटलं.

त्या दिवसापासून हे माणसात आले, हो. काही खोटं नाही. जेवताना मीठ कमी आहे म्हणतात. नर्सच्या कुत्र्याची चौकशी करतात. लेकीशी परवा इतका वेळ बोलले की तिनेच मला विचारलं, "आई, काय जादू केलीस?" मी म्हटलं, "काही नाही गं, फिरायला गेलो होतो." मधूनच एखाद्या गोष्टीवर माझ्याकडे बघतात आणि म्हणतात, "तुला तर माहीतच आहे." मी मूग गिळून बसते.

एकदा मी म्हटलं, "ते काळे तक्ते परत बसवता येतात का हो? फार आवाज होतो." ह्यांनी लगेच मान हलवली. "नको. तसंच बरं आहे." इतक्या पटकन म्हणाले, की मला मग ती नर्स आठवली. बंद दाराआडच्या बाईशी किती गोड बोलले होते, आणि दार उघडल्यावर पिशवी उचलून निघून गेले. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. ह्यांना ठाऊक नसेल का, मला ऐकू येत नाही ते? गाडी ह्यांनीच तर बनवलीय. पण विचारायचं कसं? विचारलं आणि खरंच ठाऊक नसलं, तर?

त्या निळ्या फाटकापाशी मी एकटी जाऊन आले, बसने. आत पाइप रचलेले होते. राखणदार म्हणाला, इथे पूर्वी जुन्या गाड्यांचं आवार होतं. एवढं तर मी न जाताही ओळखलं असतं.

सीट आता गाडीतच असते, मी पुन्हा स्टुलावर आलेय, आणि कंबर दुखते. रविवारी हे खालून हाक मारतात, "येतेस ना गं?" पूर्वी कधी हाक मारत नसत. मी केस बांधते आणि जाते. हे पट्टा लावतात, दोनदा ओढून बघतात. मोठ्या रस्त्याला लागलं की बोलायला लागतात. निळं फाटक आलं की वेग कमी करतात, माझ्याकडे बघतात आणि काहीतरी म्हणतात, आणि मी मान हलवते.